शेक

ताई महिनाभरापासून माझ्याकडे राहते आहे. सोमवार ते शुक्रवार, रोज सकाळी साडेनऊचा नंबर. आम्ही रिक्षाने जातो, ती आत जाते, थोड्या वेळात बाहेर येते आणि आम्ही परत फिरतो. पंचवीस बैठकांपैकी अठरा झाल्या. बाहेरच्या बाकांवरची माणसं आता ओळखीची झाली आहेत. कुणी येवल्याहून येतं, कुणी चांदवडहून, आणि सगळे एकमेकांना एकच विचारतात, "तुमचे किती शेक झाले?" रेडिएशन हा शब्द फायलीत असतो, किरणोपचार भिंतीवरच्या पाटीवर. माणसांच्या तोंडी शेक.

पहिल्या दिवशी ताई बाहेर आली ती गोंधळूनच. रिक्षात बसल्यावर हळूच म्हणाली, "अगं, काहीच गरम लागलं नाही. मशीन चालू होतं ना?"

शब्दाने तिला चकवलं होतं. शेक म्हटलं की आपल्याला गरम पाण्याची पिशवी आठवते, तव्यावर तापवलेलं फडकं आठवतं, बाळंतिणीच्या खाटेखालची शेगडी आठवते. शेकात ऊब असायलाच हवी. मी तीस वर्षं कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे घरी आल्यावर वहीच्या मागच्या पानावर तिला हिशेब मांडून दाखवला. रोजच्या बैठकीत २ ग्रे मिळतात. २ ग्रे म्हणजे एक किलो पेशींमध्ये २ ज्यूल ऊर्जा. तेवढ्या ऊर्जेने पाणी तापवायचं म्हटलं तर त्याचं तापमान एका अंशाच्या हजाराव्या भागाच्या जेमतेम निम्म्याने वाढेल. हाताला ते कळणं शक्यच नाही.

पुढचा हिशेब मी तिला दाखवला नाही, पण तो माझ्या मनात तेव्हापासून आहे. साऱ्या शरीराला एकदम ४ ग्रे मिळाले आणि उपचार झाले नाहीत, तर सुमारे निम्मी माणसं वाचत नाहीत. साठ किलो वजनाच्या माणसात ही सगळी ऊर्जा भरते २४० ज्यूल. अर्धा चमचा गरम चहा प्यायल्यावर पोटात जाते तेवढीच. चहाने काही होत नाही, आणि तेवढ्याच ऊर्जेचे किरण माणूस संपवू शकतात. दोन्हींची बेरीज एक, मग फरक कशात आहे?

फरक वाटणीत आहे. उष्णता सगळ्यांना थोडी थोडी मिळते. प्रत्येक रेणू किंचित जास्त थरथरतो आणि त्यात कुणाचंच काही तुटत नाही. किरण असे वाटत बसत नाहीत. बहुतेक रेणूंना ते शिवतही नाहीत, पण ज्याच्यावर ऊर्जा टाकतात त्याचा बंधच तुटतो. तेवढंच पाणी पावसाने पडलं तर द्राक्षाचं पान ओलं होतं, गारांनी पडलं तर पान फाटतं. आमच्या नाशिकच्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही.

ताईच्या आजारपणात हा विचार रोज सोबत असताना, गेल्या आठवड्यात माझा एक जुना विद्यार्थी कांद्याची पिशवी घेऊन आला. तो लासलगावकडचा. भाभा अणुसंशोधन केंद्राने तिथे कांद्याला किरण देण्याचा प्रकल्प उभारला, त्याला आता दोन दशकांहून जास्त काळ झाला. पिशवीतला कांदा तिथून आलेला. उन्हाळी कांदा चाळीत ठेवला की पावसाळ्यानंतर त्याला कोंब फुटतात, वजन घटतं, आतला गर पोकळ होतो. काढणीनंतर लवकर किरण दिले तर कोंब फुटत नाहीत. ताईने पिशवीतला एक कांदा उचलून पाहिला आणि विचारलं, "म्हणजे यालाही शेकच दिलाय?"

हो, शेकच. किरण देणारा पदार्थही तोच, कोबाल्ट-६०. आमच्या रुग्णालयातलं यंत्रही कोबाल्टवरच चालतं. आधी तिच्या मनातली एक भीती काढावी लागली. कोबाल्टचे किरण कांद्यातून जातात, त्यात साचून राहत नाहीत. कंदील विझवल्यावर भिंतीत उजेड उरत नाही, तसंच. मग तिने विचारलं, कांद्याला किती देतात? मी म्हटलं, ६० ते ९० ग्रे. ती थोडा वेळ बोटं मोजत होती. "मला दोन पंचवीस पन्नास. म्हणजे जवळपास याच्याएवढेच की." आणि मग तिने जे विचारलं त्याने मी हातातली सुरी खाली ठेवली. "याला परत कोंब येत नाही. मग माझी कातडी परत येईल ना?"

तिच्या छातीवरची आणि काखेतली कातडी काळवंडली आहे, एका ठिकाणी सोललीही आहे. कातडी म्हणजे रोज खालून नव्या पेशी वर येत राहणं. तेही एक प्रकारचं कोंब फुटणंच. तिचा प्रश्न अगदी बरोबर ठिकाणी पडला होता, आणि "हो, येईल" एवढं उत्तर तिला पुरणार नव्हतं. डॉक्टरांनी तेवढं आधीच सांगितलं होतं.

मी तो कांदा चिरला. डोळ्यांतून पाणी आलं, नेहमीसारखं. मधोमध कोंबाची जागा असते तिथे तपकिरी ठिपका होता, तो वाढू न शकलेला अंकुर. बाकी कांदा पांढराशुभ्र, रसरशीत, झोंबणारा. रडवतो, पण रुजत नाही. हे दोन्ही एकाच कांद्यात कसं, याचं उत्तर शोधायला पेशीचे भाग सुटे करून पाहावे लागतात.

कांद्यात अश्रू आणणारा पदार्थ तयार नसतोच. गंधक असलेला एक निरुपद्रवी पदार्थ पेशीद्रवात असतो. त्याला फोडणारं ॲलिनेज नावाचं विकर त्याच पेशीत, पण रिक्तिकेत बंद असतं. मध्ये एक पातळ पडदा. सुरी फिरली की पडदा फाटतो आणि दोघांची गाठ पडते. त्यातून जे बनतं त्याला दुसरं एक विकर झोंबणाऱ्या वायूचं रूप देतं. हे दुसरं विकर जपानी संशोधकांनी २००२ मध्ये दाखवून दिलं, तोपर्यंत ते रूपांतर आपोआप होतं असंच समजत होते. तर हे सगळं काम विकरांचं, म्हणजे प्रथिनांचं. किरण देऊनही कांदा रडवतो, याचा अर्थ ९० ग्रेनंतरही त्याची विकरं शाबूत आहेत. मोडलं आहे ते केंद्रकातलं काहीतरी.

आता उलट करून पाहू. वाटणासाठी आपण अख्खा कांदा गॅसवर भाजतो. तो थंड झाल्यावर चिरला तर डोळ्यांत टिपूसही येत नाही. आचेने विकराची घडी उसवलेली असते. प्रथिन म्हणजे एक लांबलचक साखळी, पण तिचं काम तिच्या घडीत असतं, आणि ती घडी फार नाजूक टाक्यांनी बांधलेली असते. साठ अंशांच्या आसपास अंड्याचा पांढरा भाग धरू लागतो, तेव्हा साखळ्या तुटत नाहीत, फक्त घड्या उलगडतात आणि एकमेकींत अडकून बसतात. तेवढ्याने सगळं काम संपतं. डेअरीत दूध ७२ अंशांवर १५ सेकंद नेतात आणि मग त्यातलं फॉस्फेटेज नावाचं विकर जिवंत आहे का ते पाहतात. ते मेलं असेल तर रोगजंतूही मेले असं धरून चालतात. विकर इथे साक्षीदार म्हणून उपयोगी पडतं.

पेशीचा भाग वेगळा काढून पाहण्याची सवय विज्ञानाला फार जुनी नाही. १८९७ मध्ये जर्मनीत एदुआर्द बुखनरने यीस्ट वाळूबरोबर वाटलं, त्याचा रस पिळून काढला, आणि त्या रसात एकही जिवंत पेशी नसताना साखर आंबली. तेव्हापासून आम्हा जीवरसायनवाल्यांचं घरच त्यावर उभं आहे: पेशी फोडा, भाग वेगळा करा, त्याला एकट्याला विचारा. माझ्या प्रयोगशाळेत मुलं पालकाची हरितलवकं काढायची. सकाळी खाटकाकडून बकरीची कलेजी आणून तिच्यातून तंतुकणिका काढायची. आणि मी दिवसभर एकच शब्द ओरडत असे, बर्फ. नळी बर्फात ठेवा, सेंट्रिफ्यूज थंड करा, पाणीसुद्धा गार वापरा. पेशीच्या आत ३७ अंशांवर वर्षानुवर्षं काम करणारी यंत्रणा पेशीबाहेर त्याच तापमानाला काही तासांत ढेपाळते. तंतुकणिकेचं आतलं पटल उष्णतेने गळू लागतं. इंधन जळत राहतं, पण एटीपी बनत नाही, फुटक्या माठात पाणी भरावं तसं.

हरितलवकांचा प्रयोग तर मला कधीच जुना वाटला नाही. हरितलवकं निळ्या रंगाच्या द्रावणात घालून उजेडात ठेवली की निळा रंग उडतो, कारण पाण्यातून काढलेले इलेक्ट्रॉन त्या रंगाला मिळतात. तीच हरितलवकं काही मिनिटं ४५ अंशांवर ठेवून मग उजेडात धरली तर निळं निळंच राहतं. पाणी फोडणारी यंत्रणा सगळ्यांत आधी गेलेली असते. तिच्या गाभ्यात मँगॅनीजचे अणू असतात, ते उष्णतेने निसटतात. हिरवा रंग तसाच असतो, दिसायला काही बदललेलं नसतं. मुलं म्हणायची, मॅडम, आमचं चुकलं. त्यांचं काही चुकलेलं नसायचं.

उष्णतेपुढे सगळीच प्रथिनं सारखी नमत नाहीत, हेही सांगायला हवं. आरएनए तोडणारं रायबोन्यूक्लिएज उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवलं आणि निवू दिलं की ते आपली घडी आपण घालून पुन्हा कामाला लागतं. डीएनए तोडणाऱ्या विकराची त्यात भेसळ असेल तर ती काढायला प्रयोगशाळेत हीच युक्ती वापरतात: उकळा, भेसळ मरते, हे उरतं.

आता किरण. इथे मला डेल आठवतो. डब्ल्यू. एम. डेल मँचेस्टरच्या एका कर्करोग रुग्णालयातच काम करत होता, म्हणजे बाहेर बाकांवर ताईसारखीच माणसं बसलेली असणार. १९४० च्या सुमारास त्याने शुद्ध विकरांच्या पाण्यातल्या द्रावणांना क्ष-किरण दिले. अपेक्षा अशी असणार की तेवढे किरण दिले तर द्रावणातला तेवढाच हिस्सा बाद व्हावा, द्रावण दाट असो की पातळ. तसं झालं नाही. बाद होणाऱ्या रेणूंची संख्या तेवढीच राहिली. म्हणून दाट द्रावणात नुकसान नजरेत भरत नव्हतं आणि पातळ द्रावणात जवळजवळ सगळंच विकर संपत होतं. त्यात दुसरा एखादा पदार्थ मिसळला की विकर वाचायचं, कारण घाव तो पदार्थ अंगावर घ्यायचा.

यातून एक गोष्ट उघड झाली. विकरावर नेम धरून किरण येत नाहीत. ते बहुतेक वेळा पाण्यावर पडतात, कारण सगळीकडे पाणीच असतं. पाण्याचा रेणू फुटतो आणि त्यातून हायड्रॉक्सिल नावाचा तुकडा सुटतो, अत्यंत आक्रमक. पेशीत त्याचं आयुष्य सेकंदाच्या अब्जाव्या भागाएवढं आणि धाव जेमतेम काही नॅनोमीटर, पण वाटेत जे पहिलं भेटेल ते तो मोडतो. गॅमा किरणांनी आपल्या पेशींना होणाऱ्या इजेपैकी बहुतेक, साधारण दोन तृतीयांश, अशी पाण्याच्या हातून होते. ज्या पाण्यात सगळं जगतं त्याच पाण्याच्या हातून हे होतं, हे मला आजही सहज पचत नाही.

कोरड्या वस्तूचं म्हणूनच वेगळं. वाशीच्या प्रकल्पात मिरचीपूड, हळद अशा मसाल्यांना ६,००० ते १४,००० ग्रे देतात, कांद्याच्या शंभरपट. त्यात पाणी नाही, फुटलेले तुकडे फिरू शकत नाहीत, म्हणून एवढ्या माऱ्यातही मसाल्याचा वास आणि रंग टिकतो आणि जंतू तेवढे मरतात.

जंतू मरतात ते, आणि कांद्याचा अंकुर थांबतो तोही, एकाच कारणाने. डीएनए. इथे हिशेब साधा आहे. पेशीत एकेका विकराच्या हजारो प्रती असतात. दहा-वीस मोडल्या तरी काम अडत नाही, आणि नव्या करता येतात. ज्या मजकुरावरून त्या नव्या करायच्या तो मजकूर मात्र एकेका पेशीत एक किंवा दोन प्रतींत असतो. १ ग्रे मिळाला की आपल्या एका पेशीतल्या डीएनएमध्ये एकच धागा तुटलाय अशा सुमारे हजार तुटी पडतात, आणि दोन्ही धागे एकाच जागी तुटलेत अशा वीस ते चाळीस. कांद्याच्या पांढऱ्या पाकळ्यांतल्या पेशींना आता विभाजन करायचंच नसतं, त्यामुळे त्यांना हे जाणवत नाही. अंकुरातल्या पेशीला विभाजन करायचं असतं. ती फाटलेला मजकूर घेऊन विभाजनाला उभी राहते आणि तिथेच अडते.

गंमत अशी की सुट्या डीएनएला उष्णता फार जड जात नाही. परीक्षानळीत तो नव्वद-पंचाण्णव अंशांपर्यंत नेला की त्याचे दोन धागे एकमेकांपासून सुटतात, आणि हळूहळू निवू दिलं तर पुन्हा आपापला जोडीदार शोधून जुळतात. हार्वर्डमध्ये ज्युलियस मार्मर आणि पॉल डोटी यांनी १९६० मध्ये हे दाखवलं. अंड्याचा पांढरा भाग निवल्यावर परत पातळ होत नाही. डीएनए परत जुळतो. करोनाच्या काळात आपण सगळ्यांनी नाकातून जी काडी घालून घेतली, तिच्यावरची पीसीआर चाचणी याच गुणावर चालते. तापवा, धागे सोडवा, गार करा, नवी प्रत घडवा, असं चाळीसेक वेळा. त्यात प्रत घडवणारं प्रथिन मात्र उकळीत टिकणारं लागतं. ते यलोस्टोनच्या गरम झऱ्यात थॉमस ब्रॉकला सापडलेल्या जिवाणूचं आहे. आमच्या स्वयंपाकघरातल्या कुठल्याही विकराला ते जमलं नसतं.

एवढ्यावर थांबले असते तर ताईला द्यायचं उत्तर वाईट झालं असतं: प्रथिनाला आच मोडते, डीएनएला किरण मोडतात, आणि तुला किरण मिळताहेत. पण परीक्षानळीतला डीएनए आणि ताईच्या पेशीतला डीएनए यांत एक मोठा फरक आहे, आणि तो ज्या माणसाने ओळखला त्याचं नाव मी तिला मुद्दाम सांगितलं. टोमास लिंडाल, स्वीडनचा. प्रिन्स्टनला आरएनएवर काम करताना तापवलेला आरएनए त्याच्या डोळ्यांदेखत विघटत होता. त्याच्या मनात आलं, डीएनए तरी खरंच एवढा पक्का आहे का? त्या काळी तसं विचारणंही विचित्र होतं, कारण आनुवंशिकतेचा मजकूर पक्का असणार हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. स्टॉकहोमला परतल्यावर त्याने सुटा डीएनए पाण्यात वेगवेगळ्या तापमानांना दीर्घकाळ ठेवून मोजत बसण्याचं कंटाळवाणं काम केलं. निघालं ते असं, की कुठलेही किरण नसताना, ३७ अंशांच्या साध्या उबेत, नुसत्या पाण्यात, डीएनएची अक्षरं गळत राहतात. आपल्या एकेका पेशीत रोज हजारो, दहा हजारांच्या घरात.

असं असूनही आपण आहोत. याचा अर्थ रोज कुणीतरी ती हजारो अक्षरं परत बसवतं. लिंडालने मग बसवणाऱ्यांचा शोध घेतला आणि १९७४ मध्ये त्यांतलं पहिलं विकर त्याच्या हाती आलं. चुकीचं अक्षर हेरून कापून टाकणारं. २०१५ चं नोबेल त्याला याच कामासाठी, आणखी दोघा शास्त्रज्ञांबरोबर, मिळालं. सुट्या डीएनएच्या नळीत हे दुरुस्तीवाले नसतात. म्हणून तिथे मोजलेलं नुकसान खरं असतं, पण ते अर्ध्या कहाणीचं माप असतं.

ताईने विचारलं, "मग सगळे किरण एकदम देऊन मोकळं का नाही करत? रोजचा हेलपाटा कशाला?" त्याचं उत्तर पॅरिसच्या रेडियम संस्थेतल्या क्लोद रगोने मेंढ्यांवर काढलं होतं, १९२० च्या दशकात. मेंढ्याच्या वृषणांतल्या बीजपेशींची वाढ किरणांनी थांबवायची होती. सगळे किरण एका बैठकीत दिले तर वरची कातडी भाजून निघे आणि तरी काम पुरं होत नसे. तेच किरण दिवसांवर वाटून दिले तर काम झालं आणि कातडी वाचली. सतत विभाजणाऱ्या बीजपेशी गाठीच्या जागी, आणि कातडी कातडीच्याच जागी, असं धरा. दोन ग्रेनंतर निरोगी पेशीतल्या बहुतेक तुटी काही तासांत सांधल्या जातात, रात्र पुरते. गाठीतल्या पेशींची दुरुस्ती बहुधा एवढी नीट नसते, आणि विभाजनाच्या घाईत त्या तुटीसकट पुढे जातात. म्हणून साडेनऊ ते दुसऱ्या दिवशीचे साडेनऊ हा मधला वेळसुद्धा उपचाराचाच भाग आहे. कांद्याला तो वेळ मिळत नाही. त्याला साठ-नव्वद ग्रे एका फेरीत मिळतात.

हे ऐकून ती काही बोलली नाही. फक्त दुपारी न झोपणारी माझी बहीण त्या दिवशी जेवल्यावर आडवी झाली.

आणखी दोन गोष्टी तिला सांगायच्या राहिल्या, त्या इथे लिहिते. १९५६ मध्ये अमेरिकेत ओरेगनला आर्थर अँडरसनने मांसाचा डबा किरण देऊन निर्जंतुक केला, आणि तो डबा तरीही नासला. आत गुलाबी-लाल रंगाचा एक जिवाणू वाढत होता, आज त्याला डायनोकॉकस रेडिओड्यूरन्स म्हणतात. ५,००० ग्रे सहज सोसतो. पुष्कळ वर्षं वाटत होतं की त्याचा डीएनए काही खास चिवट असेल. तसं नाही. त्याचा डीएनएही किरणांनी इतरांएवढाच तुटतो, शेकडो तुकडे होतात, आणि काही तासांत परत जुळवला जातो. मायकेल डाली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की त्याच्या पेशीत मँगॅनीज भरपूर असतं, आणि ते प्रथिनांना किरणांच्या रासायनिक माऱ्यापासून वाचवतं. म्हणजे तो मजकूर वाचवत बसत नाही, मजकूर दुरुस्त करणारे हात वाचवतो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी वर्गात इतकी वर्षं "प्रथिन काय, पुन्हा करता येतं" असं जे सांगत आले ते मला पुन्हा तपासावं लागलं. कांद्यात प्रथिन टिकलं आणि तरी अंकुर गेला, हे खरं. पण अंकुर वाचायचा असता तर तोही प्रथिनांच्याच हातून वाचला असता.

दुसरी गोष्ट शेकाचीच आहे, खऱ्या अर्थाने ऊब असलेल्या शेकाची. काही ठिकाणी गाठीला किरणांबरोबर ४१ ते ४३ अंशांची उष्णताही देतात, तासभर. एवढ्या उष्णतेने गाठ शिजत नाही. पण दुरुस्ती करणारी काही प्रथिनं तेवढ्यानेही डळमळतात, आणि मग किरणांनी केलेली तूट सांधायला कुणी उरत नाही. उष्णता तिच्या आवडीच्या जागी, प्रथिनावर, बसते आणि किरण त्यांच्या, डीएनएवर. दोन्ही एकत्र आले की मार एकेकट्यापेक्षा जास्त बसतो. पेशीलाही हा धोका ठाऊक असावा. इटलीत फेरुच्चो रिटोसाच्या प्रयोगशाळेत कुणाच्या तरी हातून उबवणीपेटीचं तापमान वाढलं, आणि फळमाशीच्या लाळग्रंथींतल्या गुणसूत्रांवर त्याला नवीन फुगवटे दिसले. १९६२ मध्ये त्याने ते छापलं. उष्णता वाढताच पेशी बाकीची कामं बाजूला ठेवून घड्या सावरणारी प्रथिनं घडवायला घेते, त्याची ती पहिली खूण होती. लाळग्रंथी माशीच्या शरीरातून बाहेर काढलेल्या होत्या, तरी त्यांच्या पेशी अख्ख्या होत्या. नुसतं सुटं प्रथिन नळीत तापवून हे त्याला कधीच दिसलं नसतं.

माझं सारं आयुष्य सुटे भाग तपासण्यात गेलं आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. ॲलिनेज वेगळं काढल्याशिवाय कांदा का रडवतो हे कळलं नसतं, आणि लिंडालने डीएनए नळीत एकटा ठेवला नसता तर तो किती हळवा आहे हे कुणाला कधी कळलं असतं, कोण जाणे. पण गेले तीन-चार आठवडे बाकावर बसताना मला नळीतलं काही आठवत नाही. मी ताई आत गेल्यावर घड्याळ पाहते, आणि ती बाहेर आली की मनातल्या मनात दुसरं घड्याळ सुरू करते. रात्रीपर्यंतचं.

काल शनिवार, आज रविवार, शेक नाही. काखेतल्या सोललेल्या जागेवर कडेने गुलाबी कातडी धरते आहे, सकाळी तिने स्वतः आरशात पाहून मला हाक मारली. मग ओट्यापाशी येऊन माझ्या हातातली सुरी घेतली आणि पोह्यांसाठी लासलगावचे दोन कांदे चिरायला बसली. डोळे पुसत म्हणाली, "उद्या रिक्षावाल्याला नऊलाच बोलाव. सोमवारी गर्दी असते."

एकोणिसावी बैठक.